रोल-ऑफ ट्रकसाठी कर्ज: फेऱ्यांच्या हिशोबापासून गाडीच्या ताब्यापर्यंत

कचरा वाहतुकीच्या व्यवसायात रोल-ऑफ ट्रक, म्हणजे मोठा कंटेनर ग्राहकाकडे उतरवून ठेवणारी आणि भरल्यावर चढवून नेणारी गाडी, घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी गाडी पसंत होते, मग विक्रेत्याला बयाणा दिला जातो, त्यानंतर कर्जाचा अर्ज होतो आणि हप्ते सुरू झाल्यावर महिन्याला किती फेऱ्या माराव्या लागतील याचा विचार सुरू होतो. त्यातच ही गाडी साध्या ट्रकसारखी एका दुकानातून तयार मिळत नाही. चासी (इंजिन, कॅब आणि चाकांसह गाडीचा सांगाडा) एकाची, होइस्ट (कंटेनर चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा) दुसऱ्याचे, बसवणी कधी कधी तिसऱ्याची आणि कंटेनर चौथ्याचे असतात. कर्जाची रचना ही साखळी लक्षात घेऊन केली नाही, तर चासी एका आवारात उभी राहते, होइस्टचे पैसे अडकतात आणि व्याजाचा मीटर मात्र चालू राहतो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्प्यातील आकडा पुढच्या टप्प्याला लागतो.

टप्पा 1: फेऱ्यांचा हिशोब

कर्जदात्याकडे जाण्यापूर्वी एका फेरीमागे हातात काय उरते, हे काढावे. ग्राहकाकडून मिळणाऱ्या रकमेतून इंधन, कचराभूमीवर किंवा प्रक्रिया केंद्रावर भरावे लागणारे शुल्क, टायरची झीज आणि फेरीगणिक वाढणारे इतर खर्च वजा केले की ती रक्कम मिळते. चालकाचा पगार, विमा, परवाने, आवाराचे भाडे आणि देखभालीसाठी बाजूला काढायची रक्कम हे खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतात, म्हणून त्यांची बेरीज वेगळी करावी.

उदाहरणासाठी एका फेरीमागे उरणारी रक्कम 1 एकक धरू. हप्ता सोडून महिन्याचा स्थिर खर्च 60 एकक, हप्ता 40 एकक आणि कामाचे दिवस 25 आहेत. रोज 4 फेऱ्या झाल्या तर महिन्याला 100 एकक येतात, म्हणजे सर्व खर्च आणि हप्ता भागून हातात शून्य उरते. रोज सरासरी 4.4 फेऱ्या झाल्या तर स्थिर खर्च भागवून 50 एकक उरतात आणि हप्त्याशी त्यांचे प्रमाण 1.25 होते. परतफेडीच्या क्षमतेचे हे प्रमाण कर्जदाते हमखास तपासतात आणि 1.25 च्या आसपासची अपेक्षा सर्वसाधारण मानली जाते. रोजच्या अर्ध्या फेरीपेक्षाही कमी फरकावर प्रस्ताव मंजूर होणे किंवा परत येणे ठरू शकते, याची जाणीव अनेकांना अर्ज फेटाळला गेल्यावर होते.

फेऱ्यांचा अंदाज बांधताना कचराभूमीच्या वजनकाट्यापुढील रांग, कचराभूमी बंद होण्याची वेळ आणि ग्राहकाच्या जागेवर कंटेनर भरलेला नसल्याने वाया जाणारी फेरी, हे सर्व धरावे. विक्रेता सांगतो ती दिवसाच्या फेऱ्यांची संख्या रिकाम्या रस्त्यावरची असते.

*पडताळणी:* गाडी महिन्यातील चार दिवस दुरुस्तीसाठी उभी राहिली, तरी हप्ता निघतो का? निघत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करावी किंवा मुदत वाढवावी, आणि तरीही जमत नसेल तर खरेदी पुढे ढकलावी.

टप्पा 2: गाडीचे वर्णन कागदावर आणणे

कर्जदात्याला ‘एक रोल-ऑफ ट्रक’ एवढे सांगून भागत नाही आणि आपल्यालाही त्यावर भागवता येत नाही. पहिला निर्णय यंत्रणेचा. केबल होइस्टमध्ये तिरप्या होणाऱ्या रुळांवर विंचच्या (तारदोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) तारदोराने कंटेनर ओढला जातो आणि तारदोर अडकवण्यासाठी चालकाला बहुधा खाली उतरावे लागते. हुक-लिफ्टमध्ये हायड्रॉलिक बाहू कंटेनरच्या पुढच्या दांड्याला पकडतो आणि हे काम कॅबमध्ये बसून होते. उत्तर अमेरिकेत केबलचा प्रघात मोठा आहे, तर युरोपात जर्मनीच्या डीआयएन 30722 या मानकाप्रमाणे 1570 मिलिमीटर हुक-उंचीचे कंटेनर रूढ आहेत. आपल्या बाजारात जुने कंटेनर कोणत्या प्रकारचे मिळतात, हे पाहून यंत्रणा निवडावी. हुकची उंची जुळली नाही तर स्वस्तात घेतलेले कंटेनर आपल्या गाडीवर चढतच नाहीत, आणि तोपर्यंत दोन्हींसाठी कर्ज उचललेले असते.

दुसरा निर्णय वजनाचा, आणि येथे सर्वांत महाग चूक होते. होइस्टवर लिहिलेली क्षमता, उदाहरणार्थ 27 टन, ही त्या यंत्रणेची उचलण्याची ताकद असते. रस्त्यावर तेवढा माल नेण्याची ती परवानगी नसते. कायद्याने चालणारे एकूण वजन 28 टन, होइस्टसह गाडीचे स्वतःचे वजन 14 टन आणि रिकाम्या कंटेनरचे 3 टन असेल, तर मालासाठी केवळ 11 टन उरतात. फोडलेल्या काँक्रीटचे ढिगाऱ्यातील वजन घनमीटरला साधारण 1.2 ते 1.6 टन भरते. म्हणजे 10 घनयार्डाचा, सुमारे 7.6 घनमीटरचा लहान कंटेनरही राडारोड्याने काठोकाठ भरला की या मर्यादेच्या जवळ जातो किंवा ती ओलांडतो. 30 घनयार्डाच्या कंटेनरची तर बातच नको. पहिल्या टप्प्यातील प्रत्येक फेरीचे उत्पन्न या 11 टनांवर बेतलेले असले पाहिजे.

तिसरी गोष्ट चासीची. गिअरबॉक्सला पीटीओ (इंजिनाची शक्ती होइस्टला देणारी जोडणी) जोडण्याची सोय आहे का, कॅबच्या मागच्या बाजूपासून मागच्या धुरीपर्यंतचे अंतर निवडलेल्या होइस्टच्या लांबीशी जुळते का आणि डिझेलची टाकी, बॅटरीची पेटी, हवेच्या टाक्या व एक्झॉस्टचा पाइप हे चौकटीवर होइस्टच्या आड येतात का, हे तीन प्रश्न होइस्ट बसवणाऱ्याला चासीची ऑर्डर देण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. टाकी व पाइप हलवण्याचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, त्यामुळे तो मंजूर कर्जातही नसतो आणि शेवटी खिशातून जातो.

टप्पा 3: खर्चाची पूर्ण यादी

कर्ज किती मागायचे, हे गाडीच्या किमतीवरून ठरवू नये. चासी, होइस्ट, बसवणी, कंटेनर झाकण्याची ताडपत्रीची यंत्रणा, कर, नोंदणी, पहिल्या वर्षाचा विमा, प्रक्रिया शुल्क आणि बसवणीच्या काळातील व्याज या सर्वांची एक यादी करावी. यांपैकी कर्जदाता कशासाठी पैसे देतो आणि कशासाठी देत नाही, याची खूण प्रत्येक ओळीपुढे करावी.

कंटेनर ही वेगळी बाब आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कंटेनर किती लागतील, याचा हिशोब सोपा आहे: रोज नव्याने किती उतरवले जातात याला प्रत्येक कंटेनर सरासरी किती दिवस ग्राहकाकडे थांबतो, याने गुणावे. रोज 3 उतरवले आणि प्रत्येक 7 दिवस थांबला, तर 21 कंटेनर सतत बाहेर असतील. त्यावर डागडुजीसाठी आणि आवारात तयार ठेवण्यासाठी काही जास्तीचे लागतात. सहा कंटेनर घेऊन धंदा सुरू केला तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस सहाही बाहेर गेलेले असतात आणि गाडी नवीन कामासाठी मोकळी असूनही तिच्यावर चढवायला काही नसते. हप्ता मात्र पूर्ण गाडीचा असतो.

कंटेनर ग्राहकांच्या जागांवर विखुरलेले असल्याने सर्वच कर्जदाते ते तारण म्हणून सहज स्वीकारत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे, कमी मुदतीचे कर्ज किंवा भाडेपट्टा घ्यावा लागण्याची शक्यता धरून चालावे आणि प्रत्येक कंटेनरवर वेल्डिंगने क्रमांक घालून त्याची नोंदवही ठेवावी. रंगवलेला क्रमांक वर्षभरात खरवडून निघतो.

*सावधान:* हाती असलेली सर्व रोकड स्वतःच्या हिश्शात (कर्जाबाहेर आपण भरायच्या रकमेत) घालू नये. कचराभूमीचे शुल्क अनेकदा दारातच भरावे लागते, तर ग्राहकाचे बिल 30 किंवा 60 दिवसांनी मिळते. ही दरी भरून काढण्याइतका पैसा शिल्लक नसेल, तर भरपूर काम असलेली गाडीसुद्धा तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकवू शकते.

टप्पा 4: कागदपत्रे एकदाच, पूर्ण

व्यवसायाची नोंदणी, मागील काही वर्षांची करविवरणे व ताळेबंद, बँक खात्याचे उतारे, चालू कर्जांची यादी, कचरा वाहतुकीचे परवाने, चालकांचे परवाने आणि ग्राहकांशी झालेले करार एका फाइलमध्ये असावेत. या फाइलमध्ये सर्वांत वजनदार कागद म्हणजे ग्राहकांचे करार. बांधकाम कंपनी, कारखाना किंवा स्थानिक संस्था यांच्याशी ठरावीक मुदतीचा लेखी करार असेल, तर पहिल्या टप्प्यातील फेऱ्यांचा आकडा केवळ आपल्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असेल, तर करार संपल्यावर काम कोठून येईल, याचे उत्तर तयार ठेवावे, कारण तो प्रश्न विचारला जातोच.

नवीन व्यवसायाकडे जुने ताळेबंद नसतात. अशा वेळी स्वतःचा हिस्सा जास्त ठेवावा लागतो किंवा वैयक्तिक हमी द्यावी लागते. उधारीची जुनी चूक लपवण्यापेक्षा तिचे कारण अर्जासोबत लेखी देणे केव्हाही बरे, कारण ती पतअहवालात दिसणारच असते.

टप्पा 5: कर्ज की भाडेपट्टा

गाडी दीर्घकाळ वापरायची असेल आणि तिच्यावर आपली मालकी हवी असेल, तर मुदतकर्ज हा सरळ मार्ग आहे. भाडेपट्ट्यात सुरुवातीला कमी रक्कम लागते. परंतु त्याचे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. एका प्रकारात मुदतीअखेर ठरलेल्या रकमेला गाडी आपली होते, दुसऱ्यात ती परत करावी लागते. परत करण्याच्या प्रकारात ‘वाजवी झिजेपेक्षा जास्त नुकसान’ या कलमाखाली वेगळी वसुली होते. रोल-ऑफ ट्रक रोज कचराभूमीच्या खडबडीत जमिनीवर जातो, त्याचे रूळ कंटेनरच्या घर्षणाने झिजतात, मागचे मडगार्ड वाकतात, टायर खिळ्यांनी फाटतात. मालवाहू गाड्यांसाठी लिहिलेली झिजेची व्याख्या या गाडीला लावली, तर परतीच्या दिवशी मोठे बिल ठरलेलेच. त्यामुळे अवजड कचरा वाहणाऱ्यांनी परतीचा भाडेपट्टा शक्यतो टाळावा, असे माझे मत आहे. घ्यायचाच असेल तर रूळ, टायर आणि चौकटीची स्वीकारार्ह झीज मोजमापांसह लिहून घ्यावी.

मुदत ठरवताना एकच कसोटी लावावी: दुरुस्तीचा खर्च वाढू लागण्यापूर्वी कर्ज संपले पाहिजे. जुन्या गाडीला सात वर्षांची मुदत मिळाली म्हणून ती घेण्याजोगी ठरत नाही.

टप्पा 6: प्रस्तावांची तुलना

किमान तीन ठिकाणांहून लेखी प्रस्ताव घ्यावेत आणि व्याजाचा दर सपाट (पूर्ण मुदतभर मूळ कर्जावर) आहे की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हे प्रत्येकाला विचारावे. 100 एकक कर्जावर 8 टक्के सपाट दराने 5 वर्षांत 40 एकक व्याज होते. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबाने पाहिला तर दर 14 टक्क्यांहून थोडा जास्त निघतो. घटत्या शिलकीवर 12 टक्के दराने तेवढ्याच मुदतीत सुमारे 33.5 एकक व्याज पडते. म्हणजे कागदावर 8 दिसणारा प्रस्ताव 12 दिसणाऱ्यापेक्षा महाग असू शकतो. दर बाजूला ठेवून तीन आकडे समोर ठेवावेत: हातात येणारी निव्वळ रक्कम, दर महिन्याचा हप्ता आणि मुदतीअखेर भरलेली एकूण रक्कम. प्रक्रिया शुल्क, सक्तीचा विमा आणि शेवटचा मोठा हप्ता असेल तर तोही त्यात धरावा.

विक्रेता स्वतःच कर्ज देत असेल, तर गाडीची रोखीची किंमत आधी लेखी घ्यावी. कर्ज स्वस्त आणि गाडी महाग, अशी अदलाबदल त्याशिवाय दिसत नाही.

टप्पा 7: चासी आणि होइस्ट यांच्यामधील काळ

मंजुरीपत्र मिळाले की सर्व संपले, असे वाटते. प्रत्यक्षात व्यवहार येथेच सर्वांत जास्त अडतो. कर्जदाता चासीचे पैसे विक्रेत्याला देतो, चासी होइस्ट बसवणाऱ्याच्या आवारात जाते आणि तेथे कित्येक आठवडे, कधी महिने थांबते. या काळासाठी पुढील चार बाबी मंजुरीपत्रातच नमूद करून घ्याव्यात.

1. पैसे किती टप्प्यांत आणि कोणत्या कागदावर सुटतील. चासीच्या इन्व्हॉइसवर पहिला, होइस्ट बसवून पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर दुसरा, असा क्रम सोयीचा असतो. दोन्ही इन्व्हॉइसवर चासीचा क्रमांक एकच असला पाहिजे. एका अंकाची चूकही दुसरा टप्पा थांबवते.
2. या काळात व्याज फक्त सुटलेल्या रकमेवर लागेल.
3. पूर्ण हप्त्याची पहिली तारीख पैसे सुटल्यापासून मोजली जाणार नसून तयार गाडीच्या ताब्यापासून मोजली जाईल.
4. आवारात उभ्या असलेल्या चासीचा विमा कोणाचा. बसवणाऱ्याचा विमा तिला लागू होतो, असे तोंडी सांगितले जाते. तो कागद मागावा.

*सावधान:* होइस्ट बसवणाऱ्याला पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. पण काम झाल्यावर त्याचे पैसे थकवूही नयेत. पैसे मिळेपर्यंत काम केलेली गाडी अडवून ठेवण्याचा हक्क अनेक ठिकाणी कायदा त्याला देतो, आणि अशा वेळी मालक, कर्जदाता व बसवणारा तिघेही अडकतात.

जुनी गाडी घेत असल्यास

चौथ्या आणि पाचव्या टप्प्यांच्या मध्ये गाडीची तपासणी करून घ्यावी. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण होइस्ट चालवताना गाडी उभी असते आणि इंजिन मात्र फिरत असते. इंजिनाचे आणि पीटीओचे तास पाहावेत. मागच्या बिजागराजवळील वेल्डिंगला तडे, रुळांना बाक, तारदोराचे तुटलेले धागे, सिलिंडरच्या दांड्यावरील क्रोमला पडलेले खड्डे ही ठिकाणे निरखावीत. त्यानंतर भरलेला कंटेनर घेऊन रूळ अर्ध्यावर उचलून ठेवावेत आणि कोणालाही गाडीखाली किंवा मागे उभे न करता काही मिनिटे पाहावे. रूळ हळूहळू खाली येत असतील, तर सिलिंडरची सीले किंवा झडपा गळत आहेत. मागील मालकाचे कर्ज फिटल्याचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नये.

टप्पा 8: करारनामा वाचणे

सही करण्यापूर्वी पाच कलमे शोधावीत: मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास लागणारा आकार, एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम तत्काळ मागण्याचा अधिकार, वैयक्तिक हमीची मर्यादा, विम्याची भरपाई कोणाला मिळेल ते कलम, आणि या कर्जासाठी व्यवसायाच्या इतर मालमत्तेवरही बोजा चढतो का. शेवटचे कलम निसटते. एका गाडीच्या कर्जात जुन्या तीन गाड्याही तारण गेल्याचे पुढचे कर्ज मागताना कळते. असे कलम असल्यास ते या एका गाडीपुरते मर्यादित करून मागावे. स्वतःचा हिस्सा चांगला असेल तर बरेच कर्जदाते ऐकतात.

टप्पा 9: ताबा घेण्याचा दिवस

स्वीकृतीच्या कागदावर सही केली की उरलेले पैसे सुटतात आणि आपल्या हातातील शेवटची पकड जाते. त्यामुळे सही चाचणीनंतरच करावी. रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन तिचे वजन दुसऱ्या टप्प्यात धरलेल्या आकड्याशी ताडावे. आपल्या स्वतःच्या कंटेनरपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड असे दोन्ही चढवून, कुलूप लावून, उतरवून पाहावेत. ताडपत्रीची यंत्रणा दोन्हींवर पूर्ण पसरते का, होइस्ट वर असताना इशारा देणारा दिवा व भोंगा चालतो का आणि चासी व होइस्ट यांची हमीपत्रे वेगवेगळी मिळाली का, हेही पाहावे. उणीव आढळल्यास ती स्वीकृतीच्या कागदावरच लिहावी. ‘नंतर करून देतो’ यावर सही करू नये.

टप्पा 10: हप्ते सुरू झाल्यावर

पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला प्रत्यक्ष फेऱ्या, प्रत्येक फेरीचे वजन आणि रिकाम्या गेलेल्या फेऱ्या यांची नोंद पहिल्या टप्प्यातील अंदाजाशेजारी लिहावी. सरासरी हिशोबातील किमान आकड्याच्या खाली सलग राहू लागली, तर हप्ता चुकण्याची वाट न पाहता कर्जदात्याशी बोलावे. हप्ता वेळेवर भरणाऱ्याला मुदत वाढवून मिळणे तुलनेने सोपे असते, चुकवलेल्याला अवघड. विम्याचे नूतनीकरण उशिरा झाल्यास कर्जदाता स्वतः महागडा विमा काढून त्याची रक्कम कर्जात मिळवू शकतो, म्हणून ती तारीख हप्त्याच्या तारखेइतकीच जपावी. शेवटचा हप्ता भरल्यानंतर कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन गाडीच्या नोंदणीवरील बोजा उतरवून घ्यावा आणि चासी, होइस्ट व कंटेनर यांची कर्जे वेगवेगळी असल्यास प्रत्येकाचा दाखला स्वतंत्रपणे मागावा.